औटकीच्या गजरात तपासलेली तुळई

एका साहेबाच्या ताटात कौल पडलं आणि त्यामुळे मला मास्तर व्हावं लागलं.

चांदूर रेल्वेच्या बाजूच्या एका खेड्यात शिक्षण खात्याचे कुणी साहेब शाळा तपासायला गेले होते. तपासणी आटोपली आणि शाळेच्याच पडवीत रोडगे, वरण आणि वांग्याच्या भाजीची पंगत बसली. साहेबांनी पहिला घास घेतला आणि वरून एक कौल निसटून बरोबर त्यांच्या वरणात आलं. इजा काही झाली नाही, पण रेशमी जाकिटावर वरण उडालं. तेच कौल एखाद्या पोराच्या डोक्यात पडलं असतं तर चार कागद इकडून तिकडे गेले असते आणि विषय संपला असता. जाकीट साहेबाचं होतं, म्हणून पंधरा दिवसांत नागपूरहून हुकूम सुटला. वऱ्हाडातल्या शाळांच्या चपराश्यांना इमारतीची निगा, आगीपासून बचाव आणि धोक्याची लक्षणं शिकवावीत, असा तो हुकूम होता. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि शहाणपण सगळं नागपूरहून यायचं.

मी त्या वेळी अमरावतीला बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. होतो म्हणजे उमेदवारीवर होतो. वर्षभर काम पाहून मोठे साहेब मला कायम करणार होते, आणि त्या वर्षातला शेवटचा महिना उरला होता. घरी आईनं माझ्यासाठी मुली पाहायला सुरुवात केली होती आणि प्रत्येक मुलीचा बाप पहिला प्रश्न एकच विचारायचा, नोकरी पक्की आहे का? तेव्हा त्या एका महिन्यात माझा किती जीव अडकला होता ते सांगायला नको. त्यातून मी नागपूरला शिकून आलेला, डोक्यावर सोला हॅट, अंगात नवा कोट. आपल्याला न येणारं असं जगात फारसं काही नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

नागपूरच्या इंग्रजी नियमांचं मराठी मीच केलं. एकवीस कलमं झाली. पहिलं कलम मला अजून पाठ आहे, "शालागृहाचे द्वार बहिर्गामी असावे." लिहून झाल्यावर मी ते स्वतःलाच दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

नाताळच्या सुटीत तीन दिवसांचा वर्ग ठरला आणि शिकवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. जागा म्हणून अमरावतीतली एक दुमजली शाळा निवडली. खालच्या मोठ्या वर्गात शिकवणी, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी माडीवरच्या दालनात मोठ्या साहेबांच्या हस्ते चपराश्यांना दाखले वाटायचे, असा बेत होता. शाळेच्या हेडमास्तरांनी त्या समारंभासाठी सुटीतसुद्धा शंभर पोरं बोलावून ठेवली होती. माणूस हौशी होता. ही इमारत मजबूत आहे ना, हे पाहायला महिन्याभरापूर्वी मीच आलो होतो आणि "इमारत सुस्थितीत आहे" असा दाखला लिहून सही ठोकून गेलो होतो.

अमरावती आणि अकोला या दोन्हीकडून मिळून बावीस चपराशी आले, आणि एक बाई आली. यादीत बाईचं नाव पाहून मला वाटलं कारकुनाची चूक असेल. चूक नव्हती. अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत ती बोलावणारी बाई म्हणून होती. त्या काळी मुली आपल्या आपण शाळेत येत नसत. बाईनं घरोघर जायचं, मुलींना गोळा करायचं, शाळेत आणून बसवायचं आणि संध्याकाळी जिच्या तिच्या घरी पोचवायचं. शाळा झाडणं, पाणी भरणं, दारं लावणं हेही तिच्याचकडे. पन्नाशीची, काटक, नऊवारीचा काष्टा पक्का मारलेली, माळ्याच्या घरातली. तिच्या माहेरचे लोक पूर्णेच्या पात्रात उन्हाळ्यात टरबुजांच्या वाड्या करत. सगळे तिला मावशी म्हणायला लागले, तसा मीही म्हणायला लागलो.

पहिल्या दिवशी मी पहिलं कलम वाचलं. बावीस चपराश्यांनी माना डोलावल्या. मावशीनं विचारलं, म्हंजे काय? मी म्हटलं, दार बाहेरच्या बाजूला उघडायला हवं, आग लागली तर पोरं दारावर लोटतात, दार आत उघडत असेल तर ते उघडतच नाही. ती म्हणाली, मग तसंच लिवा ना. वर्गात हशा पिकला. मला राग आला, आणि राग आला की माझे कान लाल होतात, तेही सगळ्यांना दिसलं.

धारणीकडून आलेल्या चपराश्यानं उठून फार अदबीनं विचारलं की त्याच्या शाळेला दारच नाही, तर ते कोणत्या बाजूला उघडावं. चांदूरकडचा चपराशी त्याच कौलाच्या शाळेचा निघाला. त्याची अडचण वेगळी होती. कापसाच्या दिवसांत गावातल्या गाड्या शाळेपुढे येऊन उभ्या राहतात आणि दाराला खेटूनच राहतात. दार आत उघडतं म्हणून निदान उघडतं तरी. साहेबांचं ऐकून ते बाहेर उघडणारं केलं तर कापूस सरकी काढायला जिनात जाईपर्यंत शाळा कुलुपाशिवायच बंद. माझ्या एकवीस कलमांत कापसाची गाडी नव्हती. नागपूरच्या पुस्तकातही नव्हती. मी खाकरलो, वहीची पानं उलटसुलट केली.

"दारापुढं रोज सडा टाकून रांगोळी काढत जाय," मावशी त्याला म्हणाली. "रांगोळीवर कोनी गाडी उभी करत नाई. मी काढतो."

चांदूरकडच्यानं विचार केला आणि हे जमेल असं म्हणाला. मीही विचार केला आणि गुपचूप वहीत लिहून घेतलं. पुढे मी कितीतरी शाळांतून हे सांगितलं, माझंच डोकं चाललं अशा थाटात.

संध्याकाळी आगीची कवायत घेतली. मी घंटा बडवायची, सगळ्यांनी रांगेनं बाहेर पडायचं, आणि शेवटच्यानं माणसं मोजायची. मावशी सगळ्यांच्या आधी दारात जाऊन उभी राहिली. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून ती मोजत होती, मिशावाल्या बाप्यांनासुद्धा, आणि तेही निमूट हात लावून घेत होते. बावीस झाले. मी मागून आलो तर हात खाली. मी चेष्टेनं म्हटलं, मावशी, मी आगीत जळालो की काय? मला का नाही मोजलं?

"तुमाले कोनं आनलं? तुमी तं आपल्या मनानं आले," ती म्हणाली. "जे माह्या भरवशावर येते त्याईलेच मी मोजतो."

पुन्हा हशा, पुन्हा माझे कान.

तिसऱ्या दिवशी सकाळी लाकूड तपासायचा धडा होता. आमच्याकडे वाळवीसारखा वैरी नाही. ती भिंतीच्या मातीतून येते, तुळईच्या टोकात शिरते आणि बाहेरचा पापुद्रा शाबूत ठेवून आतलं लाकूड खाऊन टाकते. नजरेला काही दिसत नाही. वाजवून पाहावं लागतं. भरीव लाकूड टणक वाजतं, पोखरलेलं भद्द वाजतं. त्या वर्गाच्या छताला तीन सागवानी तुळया होत्या, त्यांच्यावर माडी तोललेली होती. मी शिडी लावली, हातोडी घेतली, मधल्या तुळईवर बरोबर मध्यावर दोन ठोके दिले आणि म्हटलं, ऐका, कशी खणखणीत आहे. खरोखरच खणखणीत होती.

मग एकेकाला वर चढवलं. मावशीची पाळी आली तेव्हा मी नको म्हणणार होतो, पण ती अर्ध्या शिडीवर पोचलीसुद्धा होती. तिनं हातोडी घेतली नाही. बोटांची पेरं वाकवून ती तुळईवर टकटक करत राहिली, टरबूज पिकलं की नाही पाहतात तसं. मग खाली उतरली, शिडी स्वतःच उचलून भिंतीकडे सरकवली, परत चढली, आणि जिथे तुळई भिंतीत शिरते तिथे वाजवलं. वर्ग शांत होता. तो आवाज मी ऐकला, सगळ्यांनीच ऐकला.

"तिकडून भरलं हाय," ती वरूनच म्हणाली. "इकडून पोकय हाय, साहेब."

ती खाली उतरली. मी वर चढलो आणि वाजवलं. भद्द. टोकाला डांबर फासलेलं होतं, वरून चकचकीत. पिशवीत सुताराची पटाशी होती. ती टोचून पाहायला हवी होती, पण माझा हात पिशवीकडे गेला नाही. खरं सांगायचं तर मला पाहायचंच नव्हतं. त्या तुळईवरच्या दालनात दुपारी तीन वाजता शंभर पोरं बसणार होती, आणि ती तुळई चांगली आहे असा माझ्या सहीचा दाखला साहेबांच्या कचेरीत होता.

महिन्याभरापूर्वी मी हेच टोक वाजवलं होतं, हे मला स्वच्छ आठवत होतं. मग तेव्हा का कळलं नाही? शिडीवर उभ्या उभ्या मला तेही आठवलं. आमच्या शाळांची एक रीत होती. बाहेरचा कोणी कोट-टोपीवाला उंबऱ्यात दिसला की मास्तर डोळ्यांनी खूण करणार आणि सगळी शाळा एका सुरात पाढे म्हणायला लागणार. तो पाहुण्याचा मान. त्या दिवशी हेडमास्तरांनी माझ्यासाठी खास औटकी लावली होती. साडेतीनचा पाढा, म्हणजे चेष्टा नाही. दोन औटे सात, तीन औटे साडेदहा, असं शंभर पोरं छप्पर उडेल इतक्या जोरात म्हणत होती, आणि मी त्या गजरात हातोडी मारत होतो, खूश होऊन, मान डोलावत. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्यासाठी औटकी म्हणत होतं. थांबा म्हणायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तुळई बिचारी काय म्हणाली ते मी ऐकलंच नव्हतं.

हेडमास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं. ते समजुतीच्या सुरात म्हणाले की तुळई आज इतकी वर्षं उभी आहे, ती आणखी दोन तास उभी राहील. वर पताका लावून झाल्या आहेत, पेढे आणले आहेत. समारंभ होऊन जाऊ द्या, उद्या टेकू देऊ, तुमच्या दाखल्याचाही बभ्रा होणार नाही. माणूस वाईट नव्हता. आणि मला ते पटत चाललं होतं, हे मी लपवणार नाही. माझ्या डोळ्यांपुढे मोठे साहेब होते, कायमचा हुकूम होता आणि नोकरी पक्की आहे का विचारणारे बाप होते.

मावशी दाराशीच उभी होती. तिला सगळं ऐकू गेलं असावं.

"ते पोरं वरते कोनाच्या भरवशावर बसनार हायेत, साहेब?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसती विचारपूस होती.

मी म्हटलं, समारंभ अंगणात, लिंबाखाली. हेडमास्तरांचा चेहरा उतरला. पण बावीस चपराश्यांनी अर्ध्या तासात पताका खाली आणल्या, सतरंज्या खाली आणल्या, पेढेही आणले, आणि आणताना दोन पेढे कमी झाले ते कुणी मनावर घेतलं नाही.

तीन वाजता मोठे साहेब आले. नागपूरकडचे होते, बोलणं कमी, हातात नेहमी एक वेताची छडी. मी वाटेतच त्यांना गाठून सांगितलं की वरची जागा मी बदलली, तुळईचं टोक गेलेलं आहे. ते माझ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, महिन्यापूर्वी तर तुम्हीच दाखला दिला. चला, दाखवा.

आम्ही वर्गात शिरलो, आणि अंगणात लिंबाखाली बसलेल्या शंभर पोरांना मोठ्या साहेबांची टोपी दिसली. हेडमास्तरांनी डोळ्यांनी खूण केली. औटकी सुरू झाली. खिडक्या सताड उघड्या, आवाज सगळा आत. साहेब शिडीवर चढले, छडीच्या मुठीनं टोकावर टकटक केलं, कान दिला, पुन्हा केलं. मग खाली उतरून हात झटकत म्हणाले की त्यांना तरी तुळई चांगली भरीव वाटते. तुमचा दाखला बरोबर होता, उगाच घाबरलात.

त्या वेळी मी गप्प बसलो असतो तर काहीही बिघडलं नसतं. साहेबांनी स्वतः सांगितलं होतं. माझा दाखला खरा ठरत होता, माझी नोकरी पक्की होत होती आणि बाहेर सहा औटे एकवीस झाले होते. मला खूप मोह झाला. तुळई नंतर दुरुस्त करून घेऊ, असंही मनात येऊन गेलं. मी दाराकडे पाहिलं. दाराच्या चौकटीला टेकून मावशी उभी होती, आणि ती साहेबांकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती.

मी खिडकीशी गेलो आणि ओरडलो, "गप्प बसा सगळे."

साहेबांसमोर औटकी मध्येच तोडलेली त्या शाळेनं कधी ऐकली नव्हती. पोरं अशी दचकून थांबली की लिंबावरच्या साळुंक्या ऐकू यायला लागल्या. हेडमास्तर माझ्याकडे बघायला तयार नव्हते. मी साहेबांना म्हटलं, आता वाजवा.

ते पुन्हा चढले. भद्द. त्यांनी हात पुढे केला आणि मी पिशवीतून पटाशी काढून दिली. ती लोण्यात जावी तशी मुठीपर्यंत आत गेली. बाहेर काढल्यावर भसाभस माती पडली, साहेबांच्या टोपीवर आणि माझ्या नव्या कोटावर.

खाली आल्यावर त्यांनी एकच विचारलं. महिन्यापूर्वी तुम्ही वाजवलंत तेव्हा काय ऐकू आलं होतं?

"औटकी, साहेब," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. निदान माझ्यासमोर तरी नाहीत. पण दाखले वाटताना ते मध्येच तोंडावर रुमाल धरून दोनदा खोकले, ते मी पाहिलं. वर्गाला आणि माडीला त्याच दिवशी कुलूप लागलं. माझा जुना दाखला रद्द झाला, उमेदवारी सहा महिन्यांनी वाढली आणि माझ्या एकवीस कलमांना बाविसावं कलम जोडावं असा हुकूम निघाला. ते मी सोप्या मराठीत लिहिलं, "लाकूड तपासताना शाळेनं गप्प बसावं." आईला सहा महिन्यांचं सांगितलं तेव्हा ती जेवलीच नाही. मीही त्या आठवड्यात साहेबांवर, हेडमास्तरांवर, वाळवीवर आणि मावशीवर मनातल्या मनात भरपूर चिडून घेतलं. झोप मात्र बरी लागत होती.

उन्हाळा लागायच्या आत मला अकोल्याच्या शाळा तपासायला पाठवलं. त्यांत मावशीची शाळा होती. दारापुढे सडा घातलेला, पांढरी ठसठशीत रांगोळी, रस्त्यावरच्या गाड्या दहा हात लांब. दाराची बिजागरी नवी होती, दार बाहेर उघडत होतं. मी आत पाऊल टाकलं आणि सवयीनं पाढ्यांची वाट पाहिली. एकही पाढा नाही. चिमुरड्या मुली पाट्या मांडीवर ठेवून ओठ मिटून बसलेल्या. मावशीनं शिडी आधीच लावून ठेवली होती. तिनं तोंडावर बोट ठेवून मला वर चढायची खूण केली.

मी पहिल्या तुळईचं टोक वाजवलं. सगळ्या मुलींनी मान एका बाजूला कलवून ऐकलं आणि मग एकदम म्हणाल्या, "भरलं." दुसरं वाजवलं. "भरलं." मला हसू येत होतं. अशी आठ टोकं झाली. सातव्यावर मला थोडी शंका आली, मुलींनाही आली, म्हणून मी तिथे पुन्हा वाजवलं. मग एक झिपरी मुलगी विचार करून म्हणाली की भरलंच आहे, आणि बाकीच्यांनी ते मान्य केलं. पटाशी टोचून पाहिली. मुली बरोबर होत्या.

"आता लिवा," मावशी म्हणाली. मी तिथल्याच टेबलाशी बसून दाखला लिहिला. इतक्या खात्रीनं त्याआधी कधी सही केली नव्हती.

शाळा सुटली. मावशी दारात जाऊन उभी राहिली आणि एकेका मुलीच्या डोक्याला हात लावून मोजायला लागली. मी वही-पिशवी गोळा करून सगळ्यांच्या शेवटी निघालो. शेवटची मुलगी बाहेर पडली तेव्हा मावशी अडतीस म्हणाली. मी पाठोपाठ रांगोळीला वळसा घालायला वळलो, तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला.

"एकोनचाळीस," ती म्हणाली, आणि तिनं दार लावलं.